श्वास चाचणी यंत्राचा ३० खरा आहे का? यंत्र तपासण्यासाठी अल्कोहोलचं प्रमाणित द्रावण बनवण्याची रीत

नाकाबंदीवर थांबवलेल्या माणसाने ब्रेथ अ‍ॅनालायझरमध्ये फुंकलं आणि पडद्यावर ३१ आलं, तर तो गुन्हेगार ठरतो. २९ आलं तर गाडी सुरू करून घरी जातो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे १०० मिली रक्तात ३० मिग्रॅपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं की गुन्हा होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. एवढं सगळं त्या एका आकड्यावर अवलंबून असतं, आणि तो आकडा यंत्राला कोणी शिकवला? कुठल्यातरी प्रयोगशाळेतल्या एका बाटलीने. ती बाटली चुकीची असेल तर यंत्र कितीही महागडं असो, ते चूकच सांगणार, आणि तेही ठामपणे.

ही बाटली कशी भरायची, ते मी इथे पायरीपायरीने लिहितो आहे. कॅलिब्रेशनच्या, म्हणजे यंत्र खऱ्या आकड्याशी जुळवण्याच्या कामात नव्याने आलेल्यांनी तरी हे मुळापासून समजून घ्यावं, नुसतं वहीत लिहिलेलं प्रमाण पाहून ओतू नये.

आधी आकडेमोड

यंत्र रक्त तपासत नाही, श्वास तपासतं. १ मिली रक्तात जितकं अल्कोहोल असतं तितकं २१०० मिली श्वासात असतं, असं गुणोत्तर धरून ते श्वासावरून रक्ताचा आकडा काढतं. माणसागणिक हे गुणोत्तर थोडं बदलतं, पण यंत्राला एकच आकडा धरावा लागतो. तुमच्या यंत्राने २१००च धरलंय ना, हे माहितीपुस्तिकेत पाहून घ्या. ब्रिटनमध्ये २३०० धरतात, आणि काही यंत्रं २००० वरही चालतात.

२१०० धरलं तर रक्तातले १०० मिलीला ३० मिग्रॅ म्हणजे श्वासातले लिटरला ०.१४३ मिग्रॅ. आता असा श्वास कृत्रिमरीत्या तयार करायचा आहे. तो अल्कोहोल मिसळलेल्या पाण्यातून मिळतो. पाणी ठरावीक तापमानावर ठेवून त्यातून हवा बुडबुड्यांनी सोडली, की त्या हवेत अल्कोहोलची वाफ अगदी ठरलेल्या प्रमाणात मिसळते. हा हेन्रीचा नियम. तापमान घेतात ३४ अंश सेल्सिअस, कारण तोंडातून बाहेर पडणारा श्वास साधारण तेवढाच उबदार असतो.

अल्कोहोल पाण्यात किती राहतं आणि हवेत किती जातं, याचं कुर्ट डुबोव्स्की यांचं सूत्र जगभर वापरलं जातं. आंतरराष्ट्रीय वैधमापन संघटनेच्या श्वास चाचणी यंत्रांबद्दलच्या आर १२६ या दस्तऐवजातही तेच आहे. ३४ अंशांवर त्यातून येणारं गुणोत्तर ०.०००३८८७. म्हणजे पाण्यात लिटरला १ ग्रॅम अल्कोहोल असेल, तर वरच्या हवेत लिटरला ०.३८८७ मिग्रॅ येईल. उलटं गणित केलं तर ०.१४३ मिग्रॅच्या श्वासासाठी पाण्यात लिटरला ०.३६७६ ग्रॅम अल्कोहोल हवं. हा आकडा पाठ करून ठेवा. रोजच्या कामासाठी आणखी सोपं करायचं तर रक्ताचा आकडा ०.०१२२५ ने गुणला की द्रावणाचं ग्रॅम प्रति लिटर मिळतं. १५ साठी ०.१८३८, ६० साठी ०.७३५१. २००० च्या गुणोत्तराचं यंत्र असेल तर ३० साठी ०.३८५९ लागेल. हा ५ टक्क्यांचा फरक आहे, म्हणून आधी माहितीपुस्तिका पाहायला सांगितलं.

जुनी अमेरिकी कागदपत्रं चाळताना १.२१ ग्रॅम प्रति लिटर हा आकडा भेटेल. रोला हार्गर यांनी पाणी आणि हवेसाठी दिलेल्या जुन्या गुणोत्तरावरून, १०० मिली रक्तात १०० मिग्रॅ अल्कोहोलसाठी काढलेला तो आकडा. डुबोव्स्कींच्या सूत्राने तो १.२२५ येतो. दोन्ही एकत्र करू नका. कुठलं सूत्र धरलं ते प्रमाणपत्रावर लिहा.

अल्कोहोल कुठलं आणि किती टक्क्यांचं

यासाठी फक्त शुद्ध इथेनॉल लागतं, म्हणजे बाटलीवर अ‍ॅब्सोल्यूट अल्कोहोल लिहिलेलं. सॅनिटायझर, डिनेचर्ड स्पिरिट, दवाखान्यातलं सर्जिकल स्पिरिट यांतलं काहीही चालत नाही. डिनेचर्ड स्पिरिटमध्ये मिथेनॉलसारखं काहीतरी मुद्दाम घातलेलं असतं आणि यंत्रातला फ्युएल सेल, म्हणजे अल्कोहोल ओळखणारा भाग, मिथेनॉललाही प्रतिसाद देतो. मग आपण नक्की कशाचं कॅलिब्रेशन करतोय, हेच कळेनासं होतं.

महाराष्ट्रात शुद्ध अल्कोहोल बाळगायला दारूबंदी कायदा १९४९ लागू होतो. प्रयोगशाळेला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना घ्यावा लागतो आणि वापराची नोंद ठेवावी लागते. परवाना नसेल तर तयार प्रमाणित द्रावण विकत घेणं हाच मार्ग आहे, आणि तो वाईट नाही.

आता टक्केवारी. बाटलीवर ‘९६ टक्के’ लिहिलेलं असतं, ते बहुतेक वेळा घनफळाने असतं. वजनाने तेच स्पिरिट ९३.८ टक्के भरतं. हा फरक मला कोणी आधी समजावून सांगितला नव्हता. कामाला लागून काही महिने झाले होते, अ‍ॅब्सोल्यूट संपलं होतं म्हणून ९६ टक्क्यांचं वापरलं, आणि ९६ ला वजनाचे टक्के समजून हिशोब केला. द्रावण सव्वादोन टक्क्यांनी पातळ झालं. आकडा ऐकायला लहान वाटतो. पण त्या द्रावणाला ‘हे ३० आहे’ म्हणून मी यंत्रं जुळवली होती, प्रत्यक्षात ते होतं २९.३. म्हणजे माझी सगळी यंत्रं जास्त दाखवणार होती. ज्याच्या श्वासाचा खरा आकडा २९.५ आहे, त्याला त्या यंत्राने ३०.२ दाखवलं असतं. यंत्रं बाहेर जायच्या आदल्या दिवशी दुसऱ्या बाटलीशी ताडून पाहताना हे लक्षात आलं आणि सगळी पुन्हा जुळवली. त्या रात्री मला झोप आली नाही. तेव्हापासून बाटली हातात घेतली की पहिल्यांदा वजनाने की घनफळाने ते वाचतो.

अ‍ॅब्सोल्यूट अल्कोहोल हवेतली ओल शोषून घेतं. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत उघडी राहिलेली बाटली दिवसागणिक पातळ होत जाते. छोट्या बाटल्या घ्या, उघडल्याची तारीख लिहा. कार्ल फिशर टायट्रेशनची सोय असेल तर पाणी किती आहे ते मोजून खरी शुद्धता हिशोबात धरा.

मूळ द्रावण: मोजू नका, तोला

इथेनॉल पिपेटने मोजून घेणं सोपं वाटतं, पण ते उष्णतेने बरंच प्रसरण पावतं. २० अंशांवर त्याच्या १ मिलीचं वजन ०.७८९ ग्रॅम असतं, ३० अंशांवर ०.७८१. विदर्भातल्या मे महिन्यात एसी बंद पडलेल्या खोलीत मोजलंत तर नुसत्या उष्णतेने एक टक्का गेला. वजन मात्र तापमानाने बदलत नाही, म्हणून तोलायचं.

०.३६७६ ग्रॅम थेट तोलून एका लिटरमध्ये टाकण्यापेक्षा आधी शंभरपट घट्ट मूळ द्रावण करून त्यातून पातळ करत जाणं अधिक भरवशाचं. मूळ द्रावण लिटरला ३६.७६ ग्रॅमचं. २५० मिलीच्या फ्लास्कसाठी ९.१९ ग्रॅम इथेनॉल लागेल.

ए वर्गाचा, म्हणजे सर्वांत अचूक दर्जाचा, बूच असलेला २५० मिलीचा मोजमापी फ्लास्क घ्या. तो स्वच्छ हवा, कोरडा नसला तरी चालेल. त्यात साधारण १५० मिली डिस्टिल्ड वॉटर घाला, बूच लावा, मिलिग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या बॅलन्सवर ठेवून शून्य करा. आता बूच काढून लांब सुईच्या काचेच्या सिरिंजने इथेनॉल सोडा, सुईचं टोक पाण्याच्या पृष्ठभागाखाली ठेवून. वरून धार सोडली तर मानेच्या भिंतीला लागलेले थेंब तोलले जाण्याआधीच उडून जातात. लगेच बूच लावून वजन वाचा. बूच उघडं ठेवलंत तर पडद्यावरचा शेवटचा अंक एकेक करून खाली सरकताना दिसेल. ते अल्कोहोल उडून चाललंय.

नेमकं ९.१९० आणण्याच्या मागे लागू नका. थेंब टाकायचा, परत वाचायचं, परत थेंब, यात जितका वेळ जातो तितकं जास्त उडतं. समजा ९.२१४ ग्रॅम आलं. थांबा, तेच लिहा. शुद्धता वजनाने ९९.८ टक्के असेल तर खरं इथेनॉल ९.१९६ ग्रॅम, द्रावण ३६.७८ ग्रॅम प्रति लिटर. शंभरपट पातळ केल्यावर रक्ताच्या हिशोबात ते ३०.०२ भरेल. लेबलवर ३०.०२ लिहायचं. ठरवलेला आकडा नाही, झालेला आकडा लिहायचा. (फार काटेकोर काम असेल तर हवेच्या उत्प्लावकतेची दुरुस्तीही करतात. इथेनॉल हलकं असल्यामुळे खरं वस्तुमान दिसतं त्यापेक्षा साधारण ०.१४ टक्का जास्त असतं.)

फ्लास्क गोल फिरवून हलवा. हाताला तो किंचित कोमट लागेल, कारण पाणी आणि अल्कोहोल मिसळताना उष्णता निघते आणि मिश्रणाचं घनफळही थोडं आकसतं. म्हणून खुणेपर्यंत पाणी लगेच भरायचं नाही. अर्धा तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या. मग शेवटचे थेंब ड्रॉपरने टाका, पाण्याची खालची वक्र कड डोळ्यांच्या रेषेत आणून खुणेला टेकवा, बूच घट्ट धरून फ्लास्क वीसेक वेळा उलटसुलट करा.

आपल्याकडच्या काचसामानाबद्दल एक गोष्ट: फ्लास्कच्या अंगावर २० अंश लिहिलंय की २७ अंश ते पाहा. भारतीय बनावटीच्या बऱ्याच फ्लास्कवर २७ असतं. ज्या तापमानासाठी फ्लास्क केला आहे, खोली त्याच्या जवळपास ठेवा, आणि एकाच कामात २० चा फ्लास्क आणि २७ ची पिपेट अशी मिसळ करू नका.

वापरायचं द्रावण

इथे काम सरळ आहे. ए वर्गाच्या पिपेटने १० मिली मूळ द्रावण एक लिटरच्या फ्लास्कमध्ये अर्ध्यापर्यंत भरलेल्या पाण्यात सोडा आणि खुणेपर्यंत पाणी भरा. हे झालं ३० चं. ५ मिली घेतलं तर १५ चं, २० मिली घेतलं तर ६० चं. कायद्याची मर्यादा, तिच्या निम्मा आणि दुप्पट, असे तीन बिंदू मिळाले की यंत्राची चूक नुसती किती आहे हेच नाही, तर कशी आहे हेही कळतं.

पिपेट आधी थोड्या मूळ द्रावणाने धुऊन घ्या. पिपेटच्या टोकाशी उरलेला थेंब फुंकून पाडू नका, तो थेंब आतच राहणार असं धरून पिपेट प्रमाणित केलेली असते. १० मिलीच्या ए वर्गाच्या पिपेटची चूक ०.०२ मिलीच्या आत असते, म्हणजे ०.२ टक्के. साखळीतली हीच सर्वांत कमकुवत कडी, म्हणून इथे घाई नको.

तयार द्रावण गडद रंगाच्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरा. वर रिकामी जागा राहिली तर अल्कोहोल त्या हवेत जाऊन बसतं. लेबलवर खरा आकडा, सूत्र, तारीख, मूळ बाटलीचा क्रमांक आणि करणाऱ्याची सही. फ्रिजमध्ये ठेवा. वापरायच्या आधी बंद बाटलीच खोलीच्या तापमानाला येऊ द्या. उघडलेली बाटली त्या दिवसाचीच, उरलेलं परत ओतून ठेवायचं नाही.

सिम्युलेटर: तापमान, गळती आणि फुंकांचा हिशोब

सिम्युलेटर म्हणजे कृत्रिम श्वास तयार करणारी ५०० मिलीची काचेची बरणी. झाकणात हीटर, ढवळणी, थर्मामीटर, एक आत येणारी आणि एक बाहेर जाणारी नळी. बरणी आधी थोड्या द्रावणाने खळबळून ते टाकून द्या. पाण्याने धुतलेली ओली बरणी तशीच भरली तर केलेली सगळी मेहनत पातळ झाली. मग ५०० मिली भरा, झाकण आवळा, बाहेरच्या नळीचं तोंड बोटाने बंद करून आतल्या नळीने हवा सोडा. बुडबुडे थांबले पाहिजेत. थांबत नसतील तर झाकणातून हवा गळतेय, रबरी कडं बदला.

आता तापमान. इथे जेवढी काळजी घ्याल तेवढी थोडीच. एका अंशाने हवेतलं अल्कोहोल ६.८ टक्क्यांनी बदलतं. ३४ ऐवजी बरणी ३३.५ वर असेल तर तुमचं ३० चं द्रावण २९ सारखं वागेल, आणि तुम्ही दोष यंत्राला द्याल. पडदा ३४.० दाखवू लागला की लगेच सुरुवात करू नका. काचेसकट सगळं स्थिरावायला आणखी वीसेक मिनिटं द्या. ०.२ अंशांच्या वर हललं तर थांबा. सिम्युलेटरचा स्वतःचा थर्मामीटर कशाशी ताडलाय, हाही प्रश्न विचारा. त्याचं वेगळं प्रमाणपत्र हवं.

बरणीपासून यंत्रापर्यंतची नळी बोटभरच ठेवा. लांब, थंड नळीत वाफेचे थेंब जमतात, त्या थेंबांत अल्कोहोल विरघळतं आणि यंत्रापर्यंत कमी पोहोचतं. नळीत धुकं दिसलं तर ते वाचन रद्द.

हवा शक्यतो पंपाने सोडा. तोंडाने फुंकायचं तर फुंकणाऱ्याने माउथवॉश वापरलेलं नसावं, आणि हवा चुकूनही आत ओढायची नाही. टेबलावर सॅनिटायझर किंवा स्पिरिटचा बोळा नको. त्या खोलीतच नको.

प्रत्येक फुंकेगणिक बरणीतलं अल्कोहोल कमी होत जातं. किती, हे वरच्याच गुणोत्तरावरून काढता येतं: ०.०००३८८७ ला अर्ध्या लिटरने भागलं की दर लिटर हवेमागे ०.०७८ टक्का. एका चाचणीत दीड लिटर हवा गेली तर दहा चाचण्यांत साधारण १.२ टक्के आणि पंचवीस चाचण्यांत जवळजवळ तीन टक्के. म्हणजे सकाळचं ३० दुपारपर्यंत २९.१ होतं आणि शेवटची यंत्रं पहिल्यांपेक्षा वेगळी जुळवली जातात. मी दहा चाचण्यांनंतर द्रावण बदलतो. यंत्रं खूप असतील तर दोन बरण्या एकापुढे एक जोडतात. पहिलीतलं अल्कोहोल घटत जातं, दुसरीत मात्र भरलेलीच हवा येत असल्यामुळे तिचं प्रमाण बराच वेळ टिकतं.

कोणी विचारेल, हा सगळा व्याप कशाला, सिलिंडरमधला, ठरावीक अल्कोहोल मिसळलेला कोरडा वायू घ्यावा. घ्या, सोयीचा आहे. फक्त त्याचा आकडा हवेच्या दाबावर अवलंबून असतो. समुद्रसपाटीला ३० देणारा सिलिंडर पुण्यात, साधारण ५६० मीटर उंचीवर, २८ देईल. महाबळेश्वरला साडेपंचवीस. दाबाची दुरुस्ती केली नाही तर घाटावर यंत्रं चुकीची जुळतात. बरणीतल्या द्रावणाला हा त्रास नाही.

आधी वाचा, मग हात लावा

पहिली फुंक मोजायची नाही, ती नळी ओली करण्यासाठी. नंतर प्रत्येक द्रावणावर पाच वाचनं घ्या, दोन वाचनांत यंत्राला काही मिनिटं विश्रांती द्या आणि मध्ये स्वच्छ हवेवर शून्य येतंय का पाहा. लागोपाठ मारा केला तर फ्युएल सेल थकतो आणि आकडे उतरत जातात. पडद्यावरचं एकक नीट वाचा: ०.०३ टक्के, १०० मिलीला ३० मिग्रॅ आणि श्वासातले ०.१४३ मिग्रॅ प्रति लिटर हे तिन्ही आकडे एकच गोष्ट सांगतात.

समजा ३० वर २८, २९, २९, २८, २९ आलं, सरासरी २८.६. ६० वर ५७ आणि १५ वर १४ येत असेल तर यंत्र सगळीकडे त्याच प्रमाणात कमी दाखवतंय, ते जुळवता येईल. पण स्वच्छ हवेवरच २ येत असेल तर आधी शून्याचा बंदोबस्त करा. काहीही असो, जुळवण्याआधीची वाचनं लिहून ठेवायचीच. यंत्र दुरुस्तीला येईपर्यंत ते रस्त्यावर काय दाखवत होतं, याचा तेवढाच पुरावा असतो. ज्याच्यावर त्या यंत्राच्या आकड्याने खटला झाला, त्याचा त्या पुराव्यावर हक्क आहे असं मी मानतो.

आणि ज्या बाटलीने यंत्र जुळवलं तिनेच ते तपासायचं नाही. मूळ द्रावणं दोन करा, शक्यतो वेगळ्या अल्कोहोलच्या बाटल्यांतून, वेगळ्या दिवशी, जमलं तर वेगळ्या माणसाच्या हातून. एकाने जुळवा, दुसऱ्याने पडताळा. माझी ९६ टक्क्यांची चूक पकडली गेली ती यामुळेच. त्याच बाटलीने तपासत बसलो असतो तर प्रत्येक यंत्राने अगदी ३०.० दाखवलं असतं. वर्षातून एकदा दोन्ही मूळ द्रावणांचा नमुना गॅस क्रोमॅटोग्राफीची सोय असलेल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला पाठवावा. ते परवडत नसेल तर पोटॅशियम डायक्रोमेटचं टायट्रेशन हाताशी आहे: आम्लात नारंगी डायक्रोमेट अल्कोहोलचं अ‍ॅसिटिक आम्ल करतं आणि स्वतः हिरवं होतं, दर एक मोल डायक्रोमेटला दीड मोल इथेनॉल. रॉबर्ट बोरकेनस्टाइन यांनी १९५४ मध्ये बनवलेला ब्रेथलायझर याच रंगबदलावर चालायचा.

काम संपलं की बरणीतलं द्रावण भरपूर पाण्यासोबत मोरीत सोडलं तरी चालतं, त्यात अल्कोहोल नावालाच असतं. मूळ द्रावण आणि अ‍ॅब्सोल्यूटची बाटली मात्र कुलपात. आज तोललेले ९.२१४ ग्रॅम म्हणजे पावणेबारा मिलीला जरा कमी, ते वापराच्या नोंदवहीत आजच्याच तारखेला चढवा.